डायनासोरांचा उदय जीवाश्मांतून कसा वाचावा : खानदेशातल्या अभ्यासकांसाठी पायरीपायरीने

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कुणीतरी हमखास विचारतं, खानदेशात डायनासोर सापडतात का? सरळ उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो थिजला तेव्हा डायनासोरांचा शेवट आला होता. त्यांचा उदय त्याच्या सोळा कोटींहून जास्त वर्षं आधी, ट्रायासिक काळात झाला, आणि त्या काळाचा खडक जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठेही उघडा पडलेला नाही.

तरीही हा अभ्यास खानदेशात राहून करता येतो, आणि नीट करता येतो. त्या काळच्या जमिनीबद्दल जे कळलं आहे, ते मुख्यतः गाळ, मुळं, दात, विष्ठा आणि पाऊलखुणा यांवरून. गाळ कसा साचतो, त्यात काय टिकतं आणि काय नाहीसं होतं, हे तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांच्या काठावर आजही पाहता येतं. डोळा इथे तयार करायचा आणि तो प्राणहिता-गोदावरीच्या, पोलंडच्या, अर्जेंटिनाच्या पुराव्यांवर वापरायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की डायनासोरांचा उदय समजून घ्यायचा असेल तर आधी डायनासोर सोडून बाकी सगळ्यांकडे बघा. सुरुवातीला ते त्या जगातले किरकोळ रहिवासी होते.

सामान फार लागत नाही. एक जाड वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पिठाची बारीक चाळण, मोजपट्टी, चिमटा, हातमोजे आणि मोबाईलचा कॅमेरा.

पायरी १ : आधी काळ ठरवा

कागदाच्या पट्ट्या चिकटवून अडीच मीटरहून थोडी जास्त लांब अशी एक पट्टी करा. एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. उजवं टोक म्हणजे आज. डावीकडे २५२ सेंटिमीटरवर पर्मियन काळाच्या शेवटचा महाविनाश येतो आणि तिथून ट्रायासिक सुरू होतो. सायबेरियातल्या लाव्ह्याच्या प्रचंड उद्रेकांशी त्याचा संबंध जोडला जातो. २३४ ते २३२ च्या दरम्यान ट्रायासिकमधल्याच कार्नियन काळातला अतिवृष्टीचा टप्पा. २३१ च्या आसपास अर्जेंटिनातल्या इस्चिगुआलास्तोचे हेरेरासॉरस आणि इओरॅप्टर, म्हणजे नीट ओळखू येणाऱ्या सर्वांत जुन्या डायनासोरांपैकी दोन. २०१ वर ट्रायासिकचा शेवट आणि आणखी एक महाविनाश. आपला काळा पाषाण थेट ६६ वर. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे मिळाले, ते साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. या पट्टीवर ते पाव मिलिमीटरवर येतात, पेन्सिलच्या रेघेतच बुडून जातात. ही पट्टी वर्गाच्या भिंतीवर लावली की मुलं ‘डायनासोरांच्या वेळी’ असं मोघम बोलणं आपोआप सोडतात.

खडकाचं वय कसं ठरलं हे प्रत्येक वेळी विचारायची सवय लावून घ्या. इस्चिगुआलास्तोत ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत, त्यांतल्या खनिजांवरून थेट वय काढता येतं. आपल्याकडच्या, म्हणजे तेलंगणातल्या, मालेरी खडकांत ती सोय नाही. तिथलं वय मुख्यतः प्राण्यांच्या तुलनेतून ठरतं. उदाहरणार्थ, हायपेरोडापेडॉन हा चोचीचा शाकाहारी सरपटणारा प्राणी मालेरीतही आहे आणि स्कॉटलंड, ब्राझील, अर्जेंटिनातही आहे, म्हणून हे सगळे थर साधारण एका काळाचे मानतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण दोन्हींची पक्केपणाची पातळी सारखी नाही. वहीत ‘थेट वय’ आणि ‘तुलनेने वय’ असे दोन रकाने ठेवा.

हा आग्रह किती महत्त्वाचा आहे ते टिकीथेरियमवरून कळतं. मध्य प्रदेशातल्या टिकी खडकांतून आलेल्या एका इवल्याशा दातावरून २००५ मध्ये ट्रायासिक काळातल्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजाचं वर्णन झालं. जगभरच्या लेखांत त्याचा उल्लेख होत राहिला. २०२४ मध्ये झालेल्या फेरतपासणीत तो दात खूप अलीकडच्या काळातल्या चिचुंद्रीच्या कुळातला ठरला.

पायरी २ : माती वाचा

रावेर-यावलच्या केळीच्या बागा ज्या जाड गाळावर उभ्या आहेत, त्या गाळाला नाल्यांनी जिथे घळी पाडल्या आहेत तिथे उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात नको. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी झपाट्याने चढतं, आणि उभ्या दरडी तर कोरड्या दिवसांतही कोसळतात. दरडीपासून तिच्या उंचीइतकं अंतर ठेवूनच उभं राहा.

वरून खाली थर मोजा आणि प्रत्येक थराबद्दल पाच गोष्टी लिहा. रंग कोणता? कण किती मोठे? मुळांच्या नळ्या दिसतात का? भेगांचे ठसे आहेत का? चुनखडीचे गोळे आहेत का? शेतकऱ्याला नकोशी वाटणारी ही चुनखडी आपल्या कामाची आहे. जिथे काही महिने पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष जमीन तापते, तिथे मातीतलं चुना विरघळलेलं पाणी वाळत जातं आणि असे खडे तयार होतात. तेलंगणातल्या मालेरी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल चिखलखडकांतही चुनखडीचे असेच गोळे आहेत. म्हणजे २२-२३ कोटी वर्षांपूर्वी, भारत दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिका, आफ्रिका, मादागास्कर यांना चिकटलेला असताना, त्या भूमीवरही ओला आणि कोरडा असे दोन हंगाम आळीपाळीने येत होते. हा निष्कर्ष एकही हाड न पाहता निघतो.

विहिरीची नवी खोदाई चालू असेल तर मालकाला विचारून काठावरून बघा. पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तांबडा, गेरूसारखा मऊ थर लागतो. लाव्ह्याचे दोन लोंढे येण्याच्या मधल्या काळात पहिल्या लोंढ्याचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून तो तयार होतो. मुरूम, मांजऱ्या खडक आणि हा तांबडा थर वेगळे ओळखता आले की ‘जुनी जमीन’ म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय समजतं.

पायरी ३ : जे जीवाश्म नाही ते बाजूला काढा

खानदेशात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पाषाण कुजताना त्याचे गोल गोटे सुटतात आणि कांद्यासारखे पापुद्रे निघतात. दर काही वर्षांनी कुणीतरी त्यांना डायनासोरची अंडी म्हणून दाखवतं. खऱ्या अंड्याचं कवच पातळ असतं, त्यावर बारीक छिद्रं असतात, आणि अंडी सहसा घरट्यात गटाने सापडतात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात मिळालेली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ९२ घरटी आणि २५६ अंडी चुनखडीयुक्त गाळाच्या खडकात आहेत, लाव्ह्यात नाहीत. आणि तीही डायनासोरांच्या शेवटच्या काळातली.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे दगडाच्या भेगेत मँगनीजने काढलेली नेच्यासारखी नक्षी. भिंगाखाली तिच्यात शिरा दिसत नाहीत, देठ दिसत नाही, फांद्या कुठूनही फुटतात. खऱ्या पानाला मधली शीर असते आणि दोन्ही बाजूंना ठरावीक क्रम असतो. भीमबेटक्याच्या गुहेत अतिप्राचीन जीवाचा ठसा म्हणून २०२१ मध्ये गाजलेली आकृती २०२३ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्याचा कुजका अवशेष असल्याचं दाखवलं गेलं. तज्ज्ञांचीही फसगत होते, म्हणून आपण दोनदा बघायचं.

पायरी ४ : झाडं

ही पायरी छोटी, पण मुलांच्या चित्रांसाठी मोलाची. पर्मियन काळात भारतावर ग्लॉसोप्टेरिसचं राज्य होतं, आपला दगडी कोळसा मुख्यतः त्याच वनस्पतींचा. महाविनाशानंतर त्यांची जागा डायक्रॉइडियमने घेतली. ही बी धरणारी नेच्यासारखी वनस्पती, पान तळाशी दुभंगलेलं. सोबत नेचे, सायकॅड, गिंको आणि सूचिपर्णी वृक्ष. फुलझाडं नव्हती. गवतही नव्हतं. गवताचा जुना भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच आला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या जीवाश्म विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले आणि २००५ मध्ये ते जाहीर झाले, पण ती विष्ठा डायनासोरांच्या अखेरच्या काळातली आहे. तेव्हा ट्रायासिकच्या चित्रात हिरवंगार गवत दिसलं तर चित्रकाराला ते खोडायला सांगा.

पायरी ५ : दात आणि हाडं

दात हाडापेक्षा कठीण, म्हणून तो टिकतो आणि खाणंही सांगतो. सुरुवात घरच्या जनावरांपासून करा. मेलेल्या बकरीची कवटी आणि कुत्र्याची कवटी शेजारी ठेवा. दळणारा दात आणि कापणारा दात यांतला फरक बोटाने चाचपून घ्या. मग हायपेरोडापेडॉनच्या जबड्याचं छायाचित्र बघा. वरच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा, मध्ये खाच, आणि खालचा जबडा त्या खाचेत नेमका बसतो. कडक वनस्पती कापायचं हे यंत्र आहे. त्याचा एक तुकडा मिळाला तरी प्राणी ओळखता येतो. मांसाहाऱ्याचे दात चपटे, मागे वळलेले, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेले. पण एक इशारा लक्षात ठेवा. असे दात मगरीच्या घराण्यातल्या शिकाऱ्यांनाही होते, त्यामुळे नुसता करवती दात म्हणजे डायनासोर असं धरू नका.

एका जागी सापडलेली हाडं एकाच प्राण्याची असतात असंही नाही. मालेरीतला अल्वॉकेरिया हा भारतातला सर्वांत जुन्या डायनासोरांपैकी एक म्हणून १९८७ मध्ये वर्णिला गेला. पुढच्या अभ्यासात त्या हाडांत वेगवेगळ्या प्राण्यांची सरमिसळ असल्याचं दिसलं. मांडीचं हाड आणि घोट्याचं हाड मात्र डायनासोरचं मानलं जातं.

चाळण इथे कामाला येते. नदीकाठची कोरडी वाळू चाळा आणि वर राहिलेले कण भिंगाखाली पांढऱ्या कागदावर पसरा. माशाचे काटे, गोगलगायीचे शंख, उंदराचे दात निघतात. चिचुंद्रीएवढे प्राणी शास्त्रज्ञांना असेच सापडतात. खडक पाण्यात भिजवून, विरघळवून, चाळून.

पायरी ६ : विष्ठा आणि पोटातलं अन्न

मला सगळ्यांत जास्त भरवशाचा वाटणारा पुरावा हा. दातावरून प्राणी काय खाऊ शकत होता ते कळतं, विष्ठेवरून त्याने काय खाल्लं ते कळतं.

सराव असा करा. जुन्या वाड्यात, मंदिराच्या शिखरात, विहिरीच्या कपारीत घुबड राहत असेल तर खाली राखाडी गोळे पडलेले असतात. घुबड भक्ष्य अख्खं गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकतं. हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून कोरडे गोळे उचला, कोमट साबणाच्या पाण्यात तासभर भिजवा, चिमट्याने सोडवा. उंदरांच्या कवट्या, चिचुंद्रीचे जबडे, कधी पक्ष्याची चोच निघते. काळ्या कागदावर मांडून मोजा. डावे जबडे सात आणि उजवे पाच असतील तर किमान सात उंदीर. ‘किमान किती’ ही मोजणी शास्त्रज्ञ डायनासोरांच्या हाडांवरही तशीच करतात. मग म्हशीचं वाळलेलं शेण, शेळीच्या लेंड्या, कुत्र्याची विष्ठा यांचा आकार, तुकडे, धागे, हाडांचे कण यांची नोंद करा. हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

आता पोलंडकडे वळा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या मार्टिन क्वार्नस्ट्रॉम आणि ग्झेगोझ निएजविएत्स्की यांच्या गटाने तिथल्या ५०० हून अधिक जीवाश्म विष्ठा आणि ओकाऱ्या तपासल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. काळ साधारण २३ कोटी ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. नमुने न फोडता सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्रातल्या अतितीव्र क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र घेतलं. सुरुवातीच्या थरांत डायनासोरांचे छोटे सर्वभक्षी नातलग दिसतात. त्यांतल्या सिलेसॉरसची मानल्या जाणाऱ्या विष्ठेत तर अख्खे भुंगेरे मिळाले. त्यांतल्या एकाला २०२१ मध्ये ट्रायमिक्सा असं नाव दिलं गेलं. वरच्या थरांत मासे आणि किडे खाणारे, मग मोठे मांसाहारी, मग मोठे शाकाहारी डायनासोर येत जातात. शाकाहाऱ्यांच्या विष्ठेत वृक्षनेचे, इतर वनस्पती आणि कोळशाचे कणही आहेत. काही नेचे विषारी असतात, ते पचवायला कोळसा उपयोगी पडत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच प्रदेशात लिसोविसिया हा हत्तीएवढा, सस्तन प्राण्यांच्या दूरच्या नात्यातला शाकाहारी होता, आणि हाडं चुरून गिळणारा स्मोक नावाचा मोठा शिकारी होता. पुढे दोघेही गेले. डायनासोरांचा जम बसायला जवळपास तीन कोटी वर्षं लागली, आणि बदलतं हवामान, बदलती झाडं यांच्याशी जुळवून घेणारं त्यांचं वैविध्यपूर्ण खाणं हे त्यामागचं एक मोठं कारण, असं हे काम सांगतं.

आपल्याकडचा नमुना याहून थेट आहे. मालेरीत पॅरासुकस या लांब मुस्कटाच्या, सुसरीसारख्या प्राण्याचे सांगाडे मिळाले आणि त्यांच्या पोटाच्या जागी मॅलेरीसॉरस या लहान सरपटणाऱ्या प्राण्याचे सांगाडे होते. कुणी कुणाला खाल्लं याचा एवढा स्पष्ट पुरावा विरळा.

पायरी ७ : पाऊलखुणा

पाणी ओसरलेल्या चिखलावर बगळा, मोर, कोल्हा, बकरी यांचे ठसे शोधा. एकाच पक्ष्याचा ठसा ओल्या चिखलात आणि अर्धवट वाळलेल्या चिखलात किती वेगळा दिसतो ते मोजपट्टी ठेवून टिपा. ट्रायासिकमध्ये पाच बोटांचे, पंजासारखे ठसे बहुधा मगरीच्या घराण्याचे, तर तीन बोटांचे डायनासोरांकडे बोट दाखवतात. राजस्थानात जैसलमेरजवळ थईयात इथे ट्रायासिकनंतरच्या जुरासिक काळाच्या सुरुवातीचे तीन बोटांचे ठसे मिळाले आहेत.

पायरी ८ : मोजा आणि अन्नजाळं काढा

आता एकाच खोऱ्यावर सगळं वापरून बघू. प्राणहिता-गोदावरीचं खोरं गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचाशी महाराष्ट्राला भिडतं. तिथे एकावर एक चढलेल्या खडकांत ट्रायासिक ते जुरासिक ही गोष्ट सलग मिळते. वहीत चार पानं करा.

पहिलं पान खालच्या मालेरीचं. इथे हायपेरोडापेडॉन भरपूर, पॅरासुकस भरपूर, चपट्या डोक्याचे मोठे उभयचर, फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांचे दात, गोड्या पाण्यातले शिंपले, आणि एक्सेरेटोडॉन हा सस्तन प्राण्यांच्या घराण्याजवळचा प्राणी. डायनासोर जेमतेम. दुसरं पान वरच्या मालेरीचं. हायपेरोडापेडॉनसारखे प्राणी गेलेले, आणि जकलापल्लीसॉरस, नंबालिया हे लांब मानेच्या घराण्याचे आरंभीचे डायनासोर आलेले. त्यांचं वर्णन २०११ मध्ये झालं. तिसरं पान धर्माराम खडकांचं. त्यांच्या वरच्या भागात लॅम्प्लुसॉरा आणि प्रधानिया, अंगाने आणखी मोठे. चौथं पान कोटा खडकांचं. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून हे नाव आलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, १८५० च्या दशकापासून, इथले मासे माहीत आहेत. या कोटा खडकांतूनच बारापासॉरस हा लांब मानेचा मोठा शाकाहारी डायनासोर निघाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी जवळपास ३०० हाडं गोळा केली, किमान सहा प्राण्यांची, आणि त्यांच्यासोबत झाडांचे मोठे ओंडकेही होते. १९७५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.

प्रत्येक पानावर पाण्यातले, काठावरचे, जमिनीवरचे असे तीन रकाने पाडा आणि कोण कुणाला खात असेल त्याचे बाण काढा. पुरावा थेट असेल, म्हणजे पोटातला सांगाडा किंवा विष्ठा, तर ठळक बाण. दातांवरून अंदाज असेल तर तुटक रेघ. चार पानं शेजारी ठेवली की मोठ्या शाकाहाऱ्याची जागा कशी रिकामी झाली आणि कुणी घेतली ते डोळ्यांना दिसतं.

मोजताना एक खबरदारी घ्या. नदीत राहणारा पॅरासुकस मेला की गाळात पुरला जातो. उंच कोरड्या जागी राहणारा छोटा डायनासोर मेला की उन्हात हाडं फुटून जातात. तापीच्या गाळात शिंपले किती आणि मोरांची हाडं किती मिळतात ते बघा, आणि मोरांची संख्या त्यावरून ठरवता येईल का हे स्वतःला विचारा. म्हणून ‘कमी सापडले’ आणि ‘कमी होते’ ही दोन वाक्यं वहीत कायम वेगळी लिहा.

पायरी ९ : कुठे जावं, सापडलं तर काय करावं

खानदेशातून ट्रायासिक बघायला सोयीची जागा पचमढी. भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरायचं. तिथले वाळूचे खडक आणि देनवा नदीच्या बाजूचे लाल चिखलखडक डायनासोरांच्या उदयाच्या थोडं आधीचे. या देनवा खडकांतून डोक्यावर शिंगं असलेला, तीन-चार मीटर लांबीचा शृंगसॉरस हा सरपटणारा प्राणी २०१७ मध्ये जगासमोर आला. किमान सात प्राण्यांची हाडं एकत्र होती. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत, तर कोटा खडकांतल्याच कोटासॉरस या डायनासोरचा हैदराबादला बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. सिरोंचाजवळ वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे. कुठेही गेलात तरी दगड उचलून आणू नका, छायाचित्रं आणा.

आपल्या गाळात हाड दिसलं तर ते डायनासोरचं नसेल, पण जुन्या हत्तीचं, रानगाईचं, शहामृगाचं असू शकतं आणि तेही तितकंच जपण्यासारखं आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रं घ्या. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश लिहून घ्या. वरून कितव्या थरात आहे ते मोजा. मग जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. माणसं येईपर्यंत हाड धुऊ नका, ओढू नका, त्यावर फेविकॉल किंवा सिमेंट लावू नका. ऊन लागत असेल तर ओलसर गोणपाट टाकू नका, कोरड्या मातीनेच हलकेच झाकून ठेवा आणि जागेची खूण म्हणून दोन पावलं बाजूला दगड रचा.